डिबेस : एका इंग्रजी क्रियापदाचा कस

(मंडळाच्या मासिक बैठकीत दिलेले भाषण)



या वर्षी आपण असे ठरवले की दर महिन्याच्या बैठकीत एका भगिनीने एक इंग्रजी शब्द घ्यावा आणि त्याची कुळकथा सर्वांना सांगावी. माझ्या आधी बोललेल्या भगिनींनी 'बजेट' आणि 'व्हिटॅमिन' असे रोजच्या कानावरचे शब्द घेतले. मी घेतलेला शब्द तितका ओळखीचा नाही. तो आहे 'डिबेस'. माझी मुलगी बी.कॉम.ला आहे. तिच्या पुस्तकात तो मला भेटला आणि मग वाचनालयातले जाडजूड कोश तिच्याकडून वाचून घेऊन मी त्याच्या मागेच लागले. जे उमजले ते आपल्यापुढे ठेवते.

डिबेस म्हणजे एखाद्या वस्तूचा कस उतरवणे, तिचे मोल आतून कमी करणे. हे क्रियापद मुख्यतः नाण्यांच्या संदर्भात वापरतात. शिवाय भाषा डिबेस होते, कला डिबेस होते, आणि माणूस स्वतःलाही डिबेस करून घेतो, असेही इंग्रजीत म्हणतात.

आता शब्दाची फोड करू. 'डि' म्हणजे खाली. 'बेस' म्हणजे हलका, नीच, कमी प्रतीचा. इथे थोडे सांभाळायला हवे. इंग्रजीत 'बेस' नावाचे दोन शब्द आहेत. दिसायला जुळ्या बहिणी, पण माहेर वेगवेगळे. एक बेस म्हणजे पाया. तो ग्रीक भाषेतून आला आणि तिथे त्याचा मूळ अर्थ पाऊल, पावलाखालची जागा असा होता. त्या बेसमध्ये काही कमीपणा नाही, घर उभे राहते ते त्याच्यावरच. दुसरा बेस लॅटिन भाषेतल्या 'बासुस' या शब्दावरून फ्रेंचमार्गे आला. बासुस म्हणजे ठेंगणा, खालचा. गाण्यातल्या खालच्या, खर्जातल्या आवाजालाही इंग्रजीत बेस म्हणतात, तो याच घराण्यातला. सोने-चांदीला इंग्रज 'नोबल' म्हणजे कुलीन धातू म्हणतात, आणि तांबे, शिसे, जस्त यांना 'बेस' धातू. आपला डिबेस या दुसऱ्या बेसचा मुलगा. पुढे त्याचे पाहून 'डिमीन' म्हणजे कमीपणा आणणे, हेही क्रियापद तयार झाले असे मानतात, कारण 'मीन' म्हणजेही हलका.

हे वाचताना मला सारखी आपल्या मराठीची आठवण होत होती. सोन्यात मिसळलेल्या हलक्या धातूला आपण काय म्हणतो? हीण. ज्याचा कस हीण तो हिणकस. आणि एखाद्याला कमी लेखून टोचून बोलणे म्हणजे हिणवणे. या सगळ्यांच्या मुळाशी संस्कृतातला 'हीन' हा एकच शब्द आहे. इंग्रजांना बेस धातू आणि बेस माणूस यांच्यासाठी एकच शब्द सुचला, आपल्यालाही तसेच सुचले. ना त्यांनी आपले पाहिले, ना आपण त्यांचे.

आणखी एक शब्द पाहा. पेशवाईत ठिकठिकाणी टाकसाळी होत्या. अंकुशी, चांदवडी असे रुपयांचे कितीतरी प्रकार चालत. एक नाणे देऊन दुसरे घ्यायचे तर सराफ कसाप्रमाणे काही रक्कम कापून घेई, तो बट्टा. टाकसाळी गेल्या, ते रुपये गेले, पण घराण्याच्या नावाला बट्टा लागू नये ही काळजी आपल्याकडे अजून आहे. सराफाच्या पेढीवरून शब्द उठतो आणि अब्रूच्या गोष्टीत येऊन बसतो.

आता ज्या करणीमुळे इंग्लंडात हा विषय घरोघरी पोचला, ती गोष्ट सांगते.

इंग्लंडात आठवा हेन्री नावाचा राजा होता. १५०९ ते १५४७ ही त्याची कारकीर्द. सहा लग्ने केलेला राजा म्हणून आपल्यापैकी काहींनी त्याचे नाव ऐकले असेल. त्याला राजवाड्यांचा शौक होता, आणि फ्रान्स व स्कॉटलंड यांच्याशी लढाया चालू होत्या. खजिना पुरेना. तेव्हा त्याची नजर टाकसाळीकडे वळली. इंग्लंडचे चांदीचे नाणे फार नामांकित होते. शंभर भागांत साडेब्याण्णव भाग चांदी, बाकी तांबे. यालाच स्टर्लिंग चांदी म्हणतात. १५४२ साली प्रथम गुपचूप आणि १५४४ पासून उघडपणे हेन्रीने नाण्यातली चांदी कमी करायला सुरुवात केली. १५४५ साली चांदी निम्म्यावर आली. १५४६ साली तिसऱ्या हिश्श्यावर. हेन्री वारला, त्याचा लहानगा मुलगा सहावा एडवर्ड गादीवर आला, तरी कारभाऱ्यांनी तोच धंदा चालू ठेवला, आणि १५५१ साली काही नाण्यांत चांदी चौथा हिस्साच उरली. बाकी सारे तांबे. शिक्का तोच, नाव तेच, आणि राजाची आज्ञा अशी की पूर्वीच्याच मोलाने घ्या.

पण तांबे किती दिवस लपणार? नव्या नाण्यावर वरवर चांदीची झळाळी असे. हेन्रीचा चेहरा नाण्यावर समोरून कोरलेला होता, म्हणजे नाक सर्वांत वर आलेले. हाताळून हाताळून पहिल्यांदा झिजे ते नाक, आणि त्यातून तांबे लालभडक डोकावे. लोकांनी राजाचे नावच ठेवले 'म्हातारा तांबडनाक्या'. इंग्रजीत 'ओल्ड कॉपरनोज'. एवढा मोठा राजा, पण प्रजेने त्याला नाकावरून ओळखले.

मग बाजारात काय होणार ते बायकांना वेगळे सांगायला नको. दुकानदार काही वेडा नसतो. नाण्यात चांदी कमी, तर तो त्याच मालाला नाणी जास्त मागणार. महागाई भडकली. मजुरी मात्र तितकी वाढली नाही. परदेशचे व्यापारी हे पैसे घेईनात. शेवटी १५५१ साली सरकारनेच दवंडी पिटली की बारा पेन्सचे नाणे आता नऊच पेन्सचे समजावे, आणि थोड्याच दिवसांत पुन्हा, की सहाच पेन्सचे. डब्यात जपून ठेवलेल्या बारा पेन्सचे सहा झाले. राजाने लढाया केल्या, राजवाडे बांधले, आणि पैसे गेले ते ज्यांनी पै-पै साठवली होती त्यांचे.

पुढे १५५८ साली हेन्रीची मुलगी एलिझाबेथ राणी झाली. टॉमस ग्रेशॅम नावाचा व्यापारी तिचे परदेशातले पैशाचे व्यवहार बघे. त्याने तिला त्याच वर्षी पत्र लिहून कळवले की आपल्या वडिलांनी नाणे हिणकस केले आणि त्यापायी चांगले सोने देशाबाहेर गेले. खोटे नाणे खऱ्या नाण्याला बाजारातून हुसकून लावते, या नियमाला आज 'ग्रेशॅमचा नियम' म्हणतात. ते नाव फार पुढे, १८५८ च्या सुमारास मॅक्लाउड नावाच्या अर्थशास्त्र्याने दिले. आणि हे सांगणारा ग्रेशॅम काही पहिला नव्हे. पृथ्वी सूर्याभोवती फिरते असे मांडणाऱ्या कोपर्निकसनेही १५२६ साली नाण्यांवर लिहिताना हेच सांगून ठेवले होते.

हा नियम आपण रोज पाळतो. पाकिटात एक कोरी करकरीत नोट आणि एक फाटकी, चिकटपट्टी लावलेली नोट असेल, तर भाजीवाल्याला आपण आधी कोणती देतो? चांगली घरात राहते, फाटकी फिरत राहते. साऱ्या देशाने असे केले की बाजारात फाटकीच उरते.

एलिझाबेथ राणीने काय केले ते लक्षात ठेवण्यासारखे आहे. १५६० साली तिने नाण्याचा कस पूर्वीसारखा केला आणि हिणकस नाणी परत घेऊन आटवून टाकायला काढली. पण तोवर बाजार चालला पाहिजे. म्हणून वाईट नाण्यांवर तिने आणखी एक छोटा शिक्का मारवला. त्यातल्या त्यात बऱ्या नाण्यावर किल्ल्याच्या दाराची जाळी, ते साडेचार पेन्सचे. अगदी टाकाऊ नाण्यावर शिकारी कुत्रा, ते सव्वादोन पेन्सचे. म्हणजे हीण लपवायचे नाही, उलट 'यात हीण आहे, एवढेच याचे मोल' असे त्याच्याच अंगावर कोरायचे. वडिलांच्या आणि भावाच्या काळचे पाप मुलीने असे उजेडात आणून फेडले.

आता मौज पाहा. करणी १५४४ ची, पण 'डिबेस' हा शब्द छापील इंग्रजीत आढळतो तो १५६० नंतरच्या दशकात. त्यातही तो पहिल्यांदा माणसाच्या बाबतीत आला. एखाद्याची पायरी उतरवणे, मान कमी करणे, असा त्याचा अर्थ होता. नाण्यात हीण मिसळणे हा अर्थ १५९० नंतरचा. म्हणजे हा शब्द माणसाच्या अब्रूकडून नाण्याकडे गेला. आपल्या बट्ट्याचा प्रवास नेमका उलट, नाण्याकडून अब्रूकडे. रस्ता मात्र एकच.

मोल कमी होण्यासाठी इंग्रजीत आणखी दोन क्रियापदे आहेत. ती बाजूला ठेवून पाहिली म्हणजे डिबेसचे वेगळेपण कळते.

पहिले 'डिप्रिशिएट'. यात लॅटिनमधला 'प्रेटियुम' म्हणजे किंमत हा शब्द आहे. इंग्रजीतले प्राइस म्हणजे किंमत, प्रेशस म्हणजे मौल्यवान आणि प्रेझ म्हणजे स्तुती, हे तिन्ही त्याचेच वंशज. वापराने यंत्र झिजते, गाडी जुनी होते, त्यांची किंमत उतरते, ते डिप्रिशिएट होणे. जमाखर्चात त्याला मराठीत घसारा म्हणतात. यात कोणाचा दोष नाही. पाटा-वरवंटाही झिजतोच.

दुसरे 'डिव्हॅल्यू', म्हणजे अवमूल्यन. हा शब्द अलीकडचा, फार तर सव्वाशे वर्षांतला. सरकार जाहीर करून आपल्या चलनाचा परदेशी चलनाशी असलेला भाव उतरवते, ते अवमूल्यन. आपल्या रुपयाचे १९४९ साली झाले. पुढे ६ जून १९६६ रोजी झाले, तेव्हा चार रुपये शहात्तर पैशांना मिळणारा डॉलर एकदम साडेसात रुपयांना झाला. १९९१ च्या जुलै महिन्यात पुन्हा झाले. लोकांना त्याची झळ लागली, टीकाही झाली. पण काय झाले ते सर्वांना त्याच दिवशी कळले.

डिबेस या दोन्हींहून निराळा. त्यात वस्तू आपोआप झिजत नाही आणि भाव उतरल्याचे कोणी जाहीरही करत नाही. बाहेरचा शिक्का आणि नाव तसेच ठेवून आतला कस काढून घ्यायचा, याचे नाव डिबेस.

इथे कोणी विचारेल, म्हणजे मिसळणे वाईट का? मुळीच नाही. आपल्या हातातल्या बांगड्याच बघा. बावीस कॅरेटच्या बांगडीत चोवीस भागांत दोन भाग तांबे नाहीतर चांदी असते. निव्वळ बावनकशी सोन्याची बांगडी केली तर ती रोजच्या कामात वाकेल. तेव्हा ती भर हवीच. पण आत ९१६ असा आकडा ठोकलेला असतो. हजार भागांत नऊशे सोळा भाग सोने आहे, असे बांगडी स्वतः सांगते. आपल्या देशात २०२१ च्या जूनपासून जिल्ह्याजिल्ह्याने हे हॉलमार्क सक्तीचे होत गेले. हा 'हॉल' कोणता, ठाऊक आहे? लंडनच्या सोनारांच्या संघाचा वाडा, गोल्डस्मिथ्स हॉल. पंधराव्या शतकात सोन्या-चांदीचे जिन्नस तिथे नेऊन कस लावून घ्यावे लागत आणि मग त्यावर ठसा मिळे. राजाच्या टाकसाळीत साडेब्याण्णवच्या खाली चांदी गेली, पण लोकांच्या मनात स्टर्लिंग म्हणजे साडेब्याण्णव हे पक्के राहिले. म्हणूनच तांबडनाक्या उघडा पडला.

आपल्याकडेही असे घडून गेले. इंग्रजी अमदानीतला रुपया एक तोळ्याचा होता आणि त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी होती. दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, ती निम्म्यावर आणली आणि १९४७ साली रुपया निव्वळ निकेलचा झाला. हे चोरून झाले नाही, कायद्याने झाले. तरीही लोकांनी जुने रुपये बाजूला काढून नवे तेवढे बाजारात चालवले. ग्रेशॅमचे नाव कोणी ऐकले नव्हते, पण नियम सर्वांना ठाऊक होता. आजच्या रुपयात तर चांदीचा लवलेश नाही. तरी चोख माणसाला आपण अजून 'बंदा रुपया' म्हणतो. म्हणजे त्या रुपयाची चांदी गेली, पण अब्रू भाषेत शिल्लक आहे.

आता दोन गोष्टी घरच्या.

पहिली हिणवण्याची. आपल्या बैठकीत कितीदा तरी ऐकू येते, "मी काय बोलणार बाई, मी कुठे शिकलेली?" भगिनींनो, मी सातवीपर्यंत शिकले. हे मी आज सुरुवातीला सांगितले नाही, कारण भाषण ऐकण्यासाठी त्याची जरुरी नव्हती. विचाराल तर लगेच सांगेन. सातवी हा माझा कॅरेटचा आकडा आहे. तो मी झाकत नाही, त्यावर बी.ए.चा छाप मारत नाही, आणि आकड्यापेक्षा कमी कसाचे कामही करत नाही. एवढे पाळले की हिणकस होण्याचे कारण उरत नाही. जे आहे ते सांगणे हा नम्रपणा झाला. जे आहे ते नाही असे सांगणे म्हणजे आपल्याच हाताने आपल्यात तांबे मिसळणे.

दुसरी गोष्ट आपल्या मंडळाच्या गोड्या मसाल्याची. पुढच्या बैठकीत हा प्रश्न येणारच आहे, म्हणून आज त्याला हात घालते. सुके खोबरे, तीळ, दगडफूल, नागकेशर, सगळे महागले. पाकिटाची किंमत वाढवली तर गिऱ्हाईक तुटेल, आणि या मसाल्यावर आपल्या अनेक भगिनींचा महिना चालतो. म्हणून काहींनी सुचवले की किंमत तीच ठेवावी, खोबरे-तीळ थोडे कमी करावे आणि धणे वाढवावेत. धणे काही वाईट नाहीत, कोणाला अपाय नाही, आणि गिऱ्हाइकाला कळणारही नाही. सुचवणाऱ्या भगिनींना मंडळाची काळजी आहे म्हणूनच त्यांनी सुचवले. ती काळजी मला खरीच वाटते. घरचा महिना कसा भागवतात ते मलाही ठाऊक आहे.

पण भगिनींनो, तांबेही काही वाईट नव्हते. आपण त्याच्या कळशीतले पाणी पितो. हेन्रीनेही आधी थोडेच मिसळले होते. निम्म्याचे तिसरा हिस्सा आणि तिसऱ्याचे चौथा हिस्सा होताना त्याला कोणी अडवले नाही, कारण पहिल्या वेळी 'कळणार नाही' हे सर्वांनी मान्य केले होते. आणि कळते हो! ज्या घरी अनेक वर्षे आपला मसाला जातो, तिथल्या सासूबाई पहिल्याच आमटीचा वास घेऊन म्हणतील, "यंदा मंडळाचा मसाला तो नव्हे." मसाल्यालाही नाक असतेच, आणि तेच आधी तांबडे होते.

आपल्यापुढे दोन सरळ वाटा आहेत. किंमत वाढवावी आणि का वाढवली ते पाकिटावर दोन ओळींत छापावे. ते आपले अवमूल्यन समजा, झळ लागेल पण उघड. नाहीतर दोन प्रकार करावेत. एक पूर्वीचाच, पूर्ण कसाचा. दुसरा धणे जास्त असलेला, स्वस्त, आणि त्यावर ठळक लिहावे की हा साधा मसाला. राणीने जाळी आणि कुत्रा छापला तसा आपण आपला छाप मारू. ज्याला जो परवडेल तो तो नेईल, आणि फसवले असे कोणी म्हणणार नाही. तिसरी वाट, म्हणजे जुने पाकीट आणि नवा माल, तेवढी घेऊ नये असे माझे मत आहे. पाकिटावर मंडळाचे नाव आहे, म्हणजे तुमचे-माझे सर्वांचे नाव आहे. मत प्रत्येकीने आपापले द्यावे. माझे मी आज उघड सांगितले.

एका इंग्रजी शब्दाचा पाठलाग करताना मी लंडनच्या टाकसाळीपासून आपल्या मसाल्याच्या डब्यापर्यंत आले.